आपला भिडू कोण? मैदानातून गावच्या सलोख्याकडे

(गटाच्या बैठकीत वाचण्यासाठी पाठ)



या महिन्याचा पाठ कर्जाचा नाही आणि हिशेबाचाही नाही. तो आपल्या पोरापोरींच्या खेळाचा आहे. "खेळाचं काय शिकायचं? पोरं खेळतातच की," असं कुणी म्हणेल. खेळतात, खरं आहे. पण कोण कुणाच्या बाजूनं खेळतं, हे आपण कधी बघितलंय का? या पाठात तेच बघायचं आहे.

एका ताईनं पाठ मोठ्यानं वाचावा. जिथं प्रश्न आला तिथं थांबावं आणि आधी बोलून घ्यावं. साधारण एक तास लागेल. गटात वेगवेगळ्या वस्तीच्या बाया असतील तर फारच चांगलं.

पाठ संपल्यावर आपल्याला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:
१. खेळामुळं माणसं कधी जवळ येतात आणि कधी लांब जातात.
२. पोरांचे संघ कसे पाडायचे.
३. मैदानावरची दोस्ती मैदानाबाहेर कशी टिकवायची.

हा विषय बचत गटात कशाला?

आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी वाईट दिवस बघितले आहेत. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवात मिरजेत एका कमानीवरून वाद झाला. त्याची दंगल झाली, संचारबंदी लागली आणि लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत गेलं. १० सप्टेंबर २०२३ ला खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाज माध्यमावरच्या मजकुरावरून जमाव जमला, हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतर जिल्ह्यात काही दिवस इंटरनेट बंद ठेवावं लागलं.

अशा घटनांत पुढं असतात ती बहुतेक आपल्याच वयात आलेल्या पोरांच्या वयाची मुलं. निस्तरायला मागं राहतो आपण. बाजार बंद पडला की भाजीवाली घरी बसते. शिवणकाम करणारीची ऑर्डर अडकते. दूध घालायला जायची भीती वाटते. हप्ता मात्र थांबत नाही.

सगळ्यात मोठं नुकसान पोराचंच होतं. सातारा जिल्हा म्हणजे फौजींचा जिल्हा. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. आपल्या कितीतरी घरांत पहाटे पाच वाजता उठून सैन्यभरती, पोलीस भरतीसाठी पळणारा मुलगा किंवा मुलगी आहे. त्या भरतीत शेवटी चारित्र्य पडताळणी असते. एका रात्री जमावात उभा राहिला, एक भडकाऊ व्हिडिओ पुढं ढकलला आणि गुन्हा दाखल झाला, तर दोन-तीन वर्षांचं पळणं पाण्यात जाऊ शकतं. म्हणून हा विषय आपल्या घरातला आहे, आणि गटातलाही.

थांबा आणि बोला: मागच्या वर्षभरात आपल्या गावात पोरांचं मोठं भांडण कशावरून झालं? ते मिटवायला कोण गेलं होतं?

खेळ जोडतो, आणि तोडतोही

"पोरांना खेळायला लावा, भांडणं आपोआप कमी होतील," असं आपण नेहमी ऐकतो. हे अर्धंच खरं आहे.

माझ्या कामाच्या भागातलं एक गाव आहे, नाव लिहीत नाही. तिथं दरवर्षी अंडरआर्म क्रिकेटची स्पर्धा भरते. संघ वस्तीवार असतात. वरच्या आळीचा एक, खालच्या आळीचा एक, मोहल्ल्याचा एक, समाजमंदिराजवळचा एक. अंतिम सामन्यात नो-बॉल होता की नव्हता यावरून वाद झाला. आधी शिवी, मग बॅट, मग घरातली मोठी माणसं. दुसऱ्या दिवशी दोन वस्त्यांमधल्या चार बाया गटाच्या बैठकीला आल्या नाहीत. त्या चौघी एका सतरंजीवर सहा वर्षं बसत होत्या. नो-बॉल पोरांचा, आणि बचत अडकली आयांची.

स्पर्धा तर खेळाचीच होती, मग असं का झालं? उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये मॅट लो नावाच्या अभ्यासकानं नेमकं हेच तपासलं. वेगवेगळ्या जातींच्या बाराशेहून जास्त तरुणांना त्यानं अभ्यासात घेतलं. त्यातल्या काहींना क्रिकेटच्या स्पर्धेत खेळवलं. कोणत्या संघात कोण जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. काही संघ एकाच जातीचे झाले, काही मिसळलेले झाले. समोर कोणता संघ येणार हेही तसंच ठरलं. २०२१ मध्ये या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

जे तरुण दुसऱ्या जातीच्या मुलांबरोबर एकाच संघात खेळले, त्यांची दुसऱ्या जातीत दोस्ती वाढली. बक्षीस कुणाला द्यायचं हे ठरवताना आपल्याच जातीचा माणूस पुढं करण्याची खोड कमी झाली. पण ज्यांच्या वाट्याला दुसऱ्या जातीचे लोक फक्त विरोधी संघ म्हणून आले, त्यांचं त्या जातीच्या लोकांत मिसळणं उलट कमी झालं.

खेळ तोच, मैदान तेच, पोरंही तीच. फरक एवढाच की दुसऱ्या वस्तीचा पोरगा आपल्या बाजूला उभा आहे की समोर. या पाठातलं मुख्य वाक्य हेच आहे. बैठकीत दोनदा वाचा: दुसऱ्या वस्तीचं पोर आपल्या पोराचा भिडू झालं पाहिजे.

हे तर आपल्या गटातच आहे

जुन्या काळचे एक मानसशास्त्रज्ञ होते, गॉर्डन ऑलपोर्ट. १९५४ साली त्यांनी एक पुस्तक लिहिलं. दोन समाजांची माणसं नुसती एकत्र आली म्हणून मनं जुळत नाहीत, त्याला चार गोष्टी लागतात, असं त्यांनी मांडलं. त्या चार गोष्टी वाचा आणि आपला गट डोळ्यांसमोर आणा.

पहिली, सगळ्यांना सारखा मान. गटात शंभर रुपये बचत ठरली की सरपंचाच्या सुनेचे शंभर आणि मजुरीला जाणाऱ्या ताईचेही शंभरच.

दुसरी, सगळ्यांचं एकच उद्दिष्ट. एकीचा हप्ता थकला की सगळ्या गटाची पत जाते. म्हणून एकीची अडचण ही दहाजणींची अडचण होते.

तिसरी, एकमेकींवाचून काम न होणं. एक वही लिहिते, एक बँकेत जाते, एक वसुलीला आठवण करते.

चौथी, वरच्यांचा पाठिंबा. मागं ग्रामसंघ आहे, बँक आहे, सीआरपी ताई आहे. नियम मोडला तर विचारणारं कुणीतरी आहे.

बघा, ऑलपोर्टचं नावही न ऐकता आपण ही गोष्ट वर्षानुवर्षं करत आलो. गटाच्या पहिल्या बैठकीत एकमेकींच्या हातचं पाणी प्यायला संकोचणाऱ्या बाया आज एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. पण आपल्या पोरांना असा गट मिळालेला नाही. त्यांचं मंडळ वस्तीचं, त्यांचा ग्रुप वस्तीचा, त्यांचा संघही वस्तीचा. म्हणजे आई एका सतरंजीवर आणि पोरं दोन टोकांना. मैदानावर पोरांचा बचत गट उभा करायचा आहे असं समजा, म्हणजे पुढचं सगळं सोपं वाटेल.

आपल्या मातीत हे आधी झालंय

हे काही बाहेरून आणलेलं खूळ नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहायची, एका पंगतीत जेवायची आणि एकत्र अंगमेहनत करायची. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. सोवळं-ओवळं भाषणानं गेलं नाही. शेजारी बसून जेवताना आणि एका टोपलीचे दोन कान धरताना ते गेलं.

१९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं. एस. एम. जोशी, साने गुरुजी अशी माणसं त्यात होती. सेवा दलाच्या शाखेत सगळ्या जातिधर्मांची मुलंमुली रोज संध्याकाळी एकत्र खेळत, कवायत करत, गाणी म्हणत. आपल्या भागातल्या कितीतरी आजोबा-आजींना त्या शाखा आठवत असतील. विचारून बघा.

आणि आपली तालीम. तांबड्या मातीत उतरलं की जोड लावतात ती वजन बघून आणि तयारी बघून. कुस्ती सुरू होताना हात मिळवायचा, संपल्यावरही मिळवायचा. पडलेल्याला उठवायचं. पैलवानाची ओळख सांगायची तर कुठल्या तालमीचा आणि कुठल्या वस्तादाचा, एवढं सांगितलं की पुरतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते गावोगावच्या वर्गणीतून. कांस्यपदक जिंकून ते परतले तेव्हा कराडात बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

तालमीत बाईला जागा नव्हती, हेही खरं. पण मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं उचलली. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. तेव्हा "पोरी कुठं मैदानावर" हे म्हणायची सोय आता राहिलेली नाही.

बायकांच्या पैशाच्या कामातून खेळाकडं जाण्याचा दाखलाही आपल्याच जिल्ह्यात आहे. म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्याच परिवारातल्या माणदेशी फाउंडेशननं पुढं दुष्काळी भागातल्या मुलामुलींसाठी खेळाचं प्रशिक्षण उभं केलं.

मुंब्र्याच्या मुलींची गोष्ट

ठाण्याजवळ मुंब्रा आहे. मुंबईत १९९२-९३ ला दंगली झाल्या, त्यानंतर अनेक मुस्लिम कुटुंबं तिथं राहायला आली. तिथं 'परचम' नावाच्या गटानं २०१२ च्या सुमारास मुलींचा फुटबॉल सुरू केला. हिंदू आणि मुस्लिम मुली एकत्र खेळू लागल्या. कुणी ओढणी घेऊन यायची, कुणी घरी क्लासला जाते सांगून यायची. मैदान पोरांनी व्यापलेलं असायचं. मग मुलींनी सह्या गोळा केल्या आणि मुलींना खेळायला हक्काची जागा द्या अशी मागणी लोकप्रतिनिधींकडं केली.

त्यांनी आपल्या स्पर्धेला फातिमा शेख आणि सावित्रीबाई फुले यांची नावं जोडून दिली. सावित्रीबाई म्हणजे आपल्या खंडाळा तालुक्यातल्या नायगावची लेक. १८५६ मध्ये आजारपणात त्या नायगावला माहेरी आल्या होत्या. तेव्हा त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. आपल्या माघारी फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं आहे. दोघी एका कामात होत्या, एका बाजूला होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर भिडू होत्या.

थांबा आणि बोला: आपल्या गावच्या मैदानावर संध्याकाळी पाच ते सात कोण असतं? मुली किती? कुठल्या वस्तीची पोरं कधीच येत नाहीत? का येत नाहीत?

आता करायचं काय? आठ आठवड्यांचा आराखडा

पहिला आठवडा: ठराव आणि समिती. ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव घ्या. पाच-सहा जणींची मैदान समिती करा. प्रत्येक वस्तीची निदान एक ताई त्यात हवीच. सोबत शाळेचे खेळाचे शिक्षक आणि गावातले एखादे निवृत्त फौजी यांना घ्या. फौजी काकांच्या शिट्टीला पोरं मानतात.

मैदानासाठी मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत दोघांकडं लेखी अर्ज द्या. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास पुरे. वय १२ ते १८. कबड्डी आणि खो-खो घ्या, कारण दोन्हींना सपाट जागा, फक्की आणि शिट्टी एवढंच लागतं. खो-खोला दोन खुंट जास्त. महागडं किट नसल्यानं गरीब घरचं पोर मागं राहत नाही.

दुसरा आठवडा: घरोघर जाणं. जोडीनं जा, आणि जोडी दोन वेगळ्या वस्त्यांची असू द्या. वरच्या आळीतली ताई आणि मोहल्ल्यातली ताई एकत्र दारात उभ्या राहिल्या की अर्धं काम तिथंच होतं. मुलीच्या घरी विचारतील, "सोबत कोण? किती वाजता परत? कपडे कुठले?" उत्तरं तयार ठेवा: समितीच्या दोघीजणी कायम मैदानावर, उजेड असताना घरी, आणि कपडे तिला सोयीचे वाटतील ते.

तिसरा आठवडा: संघ पाडणं. हा पाठाचा गाभा आहे, म्हणून उदाहरण घेऊन शिकू.

समजा २८ मुलं आली. पहिल्या वस्तीची १२, दुसरीची ८, तिसरीची ४, चौथीची ४. कबड्डीला एका बाजूला ७ जण, म्हणजे चार संघ होतील. पहिल्या वस्तीचे १२ चार संघांत वाटले की प्रत्येकात ३. दुसरीचे ८ वाटले की प्रत्येकात २. तिसऱ्या वस्तीची चार मुलं दोन-दोन करून पहिल्या दोन संघांत. चौथीची चार मुलं दोन-दोन करून उरलेल्या दोन संघांत. प्रत्येक संघ ३ + २ + २ = ७.

तिसऱ्या-चौथ्या वस्तीचं एकेक पोर चारही संघांत का टाकलं नाही? कारण अनोळखी घोळक्यात एकटं पडलेलं पोर गप्प होतं आणि दुसऱ्या दिवशी येत नाही. सोबत एक ओळखीचं असलं की धीर येतो. मुलामुलींचे संघ वेगळे असतील तरी हाच हिशेब करा.

वस्तीवार याद्या समितीनं आधीच घरी बसून कराव्यात. मैदानावर पोरांसमोर जातीचं, धर्माचं, वस्तीचं नाव उच्चारू नये. चार रंगांच्या चिठ्ठ्या द्या, ज्या रंगाची चिठ्ठी तो संघ. कुठली चिठ्ठी कुणाला ते आधी ठरलेलं असेल. संघांना नावं द्या कृष्णा, कोयना, वारणा, येरळा. नद्या वेगवेगळ्या वाटेनं येतात आणि शेवटी कृष्णेतच मिळतात, हे पोरांना वेगळं सांगायला लागत नाही.

चौथा ते सातवा आठवडा: खेळ आणि रिंगण. नियम पहिल्याच दिवशी पोरांकडूनच ठरवून घ्या आणि कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला लावा. आमच्या अनुभवात हे पाच नियम उपयोगी पडतात:
– कर्णधार दर सामन्याला बदलायचा. पुढाऱ्याचं पोर कायमचं कर्णधार होत नाही.
– राखीव असेल त्यालाही प्रत्येक सामन्यात उतरवायचं.
– पंच तिसऱ्या संघाचा. मुलगी पंच झाली तर उत्तम.
– शिवी दिली, जातीवरून किंवा धर्मावरून बोललं, तर तो सामना बाहेर. कुणाचंही पोर असो.
– जिंकण्याला जेवढे गुण तेवढेच गुण नीट खेळण्याला. बाद झाल्यावर स्वतःहून बाहेर जाणं, पडलेल्याला उठवणं, पंचाशी न भांडणं, हे मोजायचं.

सामना संपला की लगेच घरी सोडू नका. दहा मिनिटं दोन्ही संघांनी मिसळून रिंगण करून बसायचं. एकच प्रश्न: "आज तुला कुणी मदत केली?" पहिल्या दिवशी कुणी बोलणार नाही. बोललं तर आपल्या वस्तीतल्याचंच नाव घेईल. चार आठवड्यांनी कुणाची नावं येतात ते वहीत लिहून ठेवा. आपण बचतीची नोंद ठेवतो तशीच ही नोंद. काम पुढं जातंय की नाही ते याच वहीत दिसेल.

आठवा आठवडा: समारोप. अंतिम सामना जरूर घ्या. पण रोख बक्षीस नको, फ्लेक्स नको, कुणा पुढाऱ्याच्या नावाचा चषकही नको. ज्याचा चषक त्याची वस्ती, असं होतं. त्याऐवजी गटांनी मिळून सगळ्या खेळाडूंना नाश्ता द्यावा. पोरांनी लेझीम बसवली तर आणखी छान. लेझमीत हरणं-जिंकणं नाही, पण एकाचा ठेका चुकला की अख्खी रांग अडखळते, म्हणून सगळे एकमेकांकडं बघून पाय टाकतात.

भांडण झालंच तर

होणारच. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा. शिट्टी वाजली की खेळ बंद, सगळे खाली बसतील. पाणी द्या. दोघांना बाजूला घेऊन एकेकाचं पूर्ण ऐका. दुसऱ्याला मध्ये बोलू देऊ नका. घरी निरोप जाण्याआधी समितीनं दोघांच्या आयांना एकत्र बोलवावं. दोघी गटातल्या असतील तर ओळख आहेच. मोबाईलवर शूटिंग करू देऊ नका. भांडण गावात मिटतं, व्हिडिओ गावाबाहेर पेटतो.

मारहाणीची धमकी आली, हत्यार दिसलं किंवा बाहेरचा जमाव आला, तर आपण मध्ये पडायचं नाही. ११२ ला फोन करायचा. मुलाला किंवा मुलीला कुणी त्रास देत असल्याचं कळलं तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे.

मैदानाबाहेर काय?

आता एक खरी अडचण सांगते. इराकमध्ये इसिसच्या अत्याचारानंतर ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यातला विश्वास तुटला होता. सलमा मूसा या अभ्यासिकेनं तिथं फुटबॉलचे संघ केले. काही संघ फक्त ख्रिस्ती खेळाडूंचे, काहींत मुस्लिम खेळाडू मिसळलेले. मिसळलेल्या संघातले ख्रिस्ती खेळाडू सहा महिन्यांनंतरही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करताना जास्त दिसले. पण मैदानाबाहेर, म्हणजे अनोळखी मुस्लिमांच्या वस्तीत जाणं, त्यांच्या कार्यक्रमाला जाणं, यात फारसा फरक पडला नाही.

म्हणजे मैदानावरची दोस्ती आपोआप गल्लीत येत नाही. तिला हात धरून आणावं लागतं. ते काम आपण करू शकतो:
– सरावानंतरचा चहा दर आठवड्याला वेगळ्या वस्तीत ठेवा. ज्या आळीत पोर कधी गेलं नाही तिथल्या ओट्यावर बसून त्यानं चहा प्यायला पाहिजे.
– भरतीची तयारी करणाऱ्यांना संघानुसारच पळू द्या. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं. सोबत पळणारा कुणीतरी लागतोच, तो दुसऱ्या वस्तीचा असू द्या.
– गणपती, ईद, भीमजयंती, गावची जत्रा यांत पाणी वाटायला आणि रस्ता मोकळा ठेवायला हेच मिसळलेले संघ उभे करा.
– पोरांसाठी एक नियम: दुसऱ्या समाजाबद्दलचा कुठलाही मेसेज आला की पुढं पाठवायच्या आधी त्या समाजातल्या आपल्या भिडूला विचारायचं, "हे खरं आहे का रे?" अफवा थांबवायला एवढा एक प्रश्न पुष्कळदा पुरतो. पण विचारायला तसा भिडू असावा लागतो.

खेळानं सगळं होत नाही. जमिनीचा वाद, पाण्याचा वाद मैदानावर सुटत नाही. कुणावर अन्याय झाला असेल तर त्याला न्यायच मिळाला पाहिजे, "जाऊ द्या, खेळा आता" म्हणून तो झाकायचा नाही. तसं केलं तर ज्याच्यावर अन्याय झाला ते पोर मैदानावर येणंच सोडेल.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गटात आणि पोरांच्या मंडळात काय फरक आहे? वरच्या चार गोष्टी लावून सांगा.
२. वस्तीवार स्पर्धा बंद करायची म्हटलं तर गावात कोण नाराज होईल? त्यांच्याशी कोण बोलेल?
३. २१ मुली आल्या, तीन वस्त्यांच्या: ९, ६ आणि ६. सातजणींचे तीन संघ पाडून दाखवा. (उत्तर: प्रत्येक संघात ३ + २ + २.)
४. आपली मुलगी मैदानावर जाणार असेल तर संध्याकाळचं घरातलं तिचं काम कोण करेल? उत्तरात मुलाचं नाव आलं तर त्याचीही नोंद करा.

घरचा अभ्यास

पुढच्या बैठकीपर्यंत एका संध्याकाळी दोघी-तिघींनी मैदानावर जाऊन अर्धा तास बसा. कोण कुणाबरोबर खेळतं ते बघा. घरी आल्यावर पोराला विचारा, "तुझ्या संघात दुसऱ्या वस्तीचा कोण आहे?" नाव सांगितलं तर त्याला एकदा चहाला बोलवा. नाव नाही सांगितलं तर पहिल्या आठवड्याचा ठराव लिहायला घ्या.

६ एप्रिल हा विकास आणि शांततेसाठी खेळाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जगभर पाळतात. संयुक्त राष्ट्रांनी तो २०१३ मध्ये ठरवला. आपल्या ग्रामसंघाला समारोपाचा सामना त्या दिवशी घेता आला तर बघा. वार्षिक परीक्षा संपायच्या असतात, म्हणून शाळेला आधी विचारून तारीख ठरवा.

आपल्या गावात किती संघ झाले, रिंगणात काय बोलणं झालं, काय जमलं आणि काय अडलं, ते सीआरपी ताईंकडं लिहून द्या. पुढच्या अंकात छापू.

आपली,
क्षेत्र समन्वयक